एकट्याचा फोटो

माणसाच्या हातून घोटाळे होतातच. माझे बहुतेक माझ्या वह्यांत आहेत, तारीखवार लिहिलेले. पण आज जो सांगणार आहे तो वहीत मावला नाही. तो भिंतीवर टांगलेला आहे. करंजाड्यात, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर. त्याला चौकट आहे, काच आहे आणि सणासुदीला ताजा हार असतो. तुमच्यापैकी कुणाच्या घोटाळ्याला कधी हार पडला असेल तर सांगा, मी इथेच थांबतो.

नाही ना? मग चहा घ्या, आणि हसायचं ते सुरुवातीलाच हसून घ्या. पुढे जरा अवघड जातं.

मी तेव्हा द्रोणागिरीला एका गोदामात स्टोअरकीपर होतो. वीस वर्षं एकच काम: आलेला माल तीनदा तपासल्याशिवाय सही करायची नाही. कंपनीच्या बसने जाता-येता खाडीकाठच्या चिखलात फ्लेमिंगो दिसायचे, थवेच्या थवे. माझ्या खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यात ते म्हणजे चिखलावर सांडलेलं गुलाबी सरबत. तेव्हा ठरवलं की पन्नाशी आली, मुलगी नोकरीला लागली, आता एक चांगला, मोठा, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा घ्यायचा.

घ्यायचा म्हणजे दुकानात जायचं आणि पिशवीत घालून आणायचा, असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही कधी स्टोअरकीपर नव्हता.

मी दोनशे पानी वही आणली. उभे रकाने आखले: सेन्सर, लेन्स, वजन, बॅटरी, कमी उजेडात फोटो किती खरखरीत येतो, कोपरे किती स्वच्छ येतात. नऊ कॅमेरे निवडले. एकाचा सेन्सर मोठा, तर लेन्स मऊ, म्हणजे फोटो जरा धूसर. दुसऱ्याची लेन्स सुरेख, तर तो हातात विटेसारखा. तिसऱ्यात खोडच नव्हती. पण चार महिन्यांत त्याचं नवं मॉडेल येणार अशी बातमी होती, म्हणून थांबलो. नवं आलं, तर त्याच्यानंतरच्या मॉडेलची बातमी आली. असे चौदा महिने गेले.

पनवेलच्या बाजारात इक्बालभाईंचं दुकान. पुढे कॅमेरे, मागे छोटा स्टुडिओ. बारा वर्षं कुवेतला कॅमेऱ्याच्याच काउंटरवर उभे राहून आलेला माणूस, गिऱ्हाइकाला कधी वर आवाज नाही. माझी चिकाटी बघून त्यांनी एक सवलत दिली. शनिवारी संध्याकाळी दुकानातला दाखवायचा कॅमेरा घरी न्यायचा, सोमवारी सकाळी परत. बदल्यात माझं स्कूटरचं लायसन्स त्यांच्या गल्ल्यात. पाचव्या कॅमेऱ्याला ते शांतपणे म्हणाले, "साहेब, एक अर्ज आहे. आमच्यात लोक हजला जातात ना, तेसुद्धा एवढी तयारी करत नाहीत."

मी तेही वहीत लिहिलं.

आता चाचणी कशी करायची ते सांगतो, कारण सगळा घात तिथे आहे. लेन्स खरी किती चांगली हे फ्लेमिंगोवर कळत नाही. छापील वर्तमानपत्राचं पूर्ण पान सपाट धरायचं, समोरून नेमक्या अंतरावरून फोटो काढायचा आणि मग पडद्यावर मोठा करून चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचायची. मी भिंतीला पान चिकटवायला निघालो तर सुलभा, म्हणजे माझी बायको, आडवी आली. नवीन रंग होता. चिकटपट्टीने पापुद्रा निघाला तर मलाच भिंतीला चिकटवीन, असं तिने सांगितलं. मग पहिल्या रविवारी तिनेच पान धरलं. सव्वा तासाने तिने ते माझ्या डोक्यावर ठेवलं आणि भाजी टाकायला गेली.

आणि इथे तांडेलमामा येतात.

तळमजल्यावर भारती राहते, बंदरात कामाला असणाऱ्या एकाची बायको. तिचे वडील हे हिराजीमामा. करंजा या समुद्रकाठच्या कोळीवाड्यातले. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. गुडघे गेले तेव्हा लेकीने इकडे आणलं. समुद्र नाही, लिलाव नाही, ओरडायला खलाशी नाहीत. दिवसभर इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांना मनातल्या मनात नांगर टाकायला सांगत बसायचे.

एक दिवस त्यांनी मला थांबवलं. घरात नेलं आणि भारतीच्या देखत भिंतीवरचा त्यांच्या बायकोचा फोटो दाखवला. बाई अचानक गेल्या. घरात त्यांचा फोटोच नव्हता. कुठल्याशा लग्नाच्या घोळक्यातून स्टुडिओवाल्याने त्यांना कापून काढलं, मोठं केलं, चौकट केली. पण त्यांच्या डाव्या खांद्यावर एक हात राहिला होता. मनगटापर्यंत. बांगड्या नाहीत, घड्याळ नाही. नऊ वर्षं त्या हाराखाली, खांद्यावर परका हात घेऊन, बाई समोर बघत होत्या.

"कोनाचा हाय, आजपर्यंत कळला नाय," मामा म्हणाले. "सगळ्या भावकीला इचारलं. कोन कबूल होत नाय."

मला हसू आलं होतं, पण ते हसत नव्हते.

"साहेब, तुमी फोटोचं मशीन घेताय म्हनं. माझा एक काढाल काय? एकट्याचा. दुसऱ्या कोनाचं नखसुदिक नको त्याच्यात. मी गेल्यावर भारतीनं कुटं शोधत फिराचं?"

मी म्हणालो, "मामा, घेतला की पहिला फोटो तुमचाच."

हे मी मनापासून म्हणालो होतो. लक्षात ठेवा, मी खोटं बोललो नाही. मी फक्त 'घेतला की' म्हणालो.

पुढच्या रविवारी सकाळी मी इमारतीच्या आवारात तिकाटण्यावर दुकानातला कॅमेरा लावत होतो, तर मामा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर लाल टोपी, दाढी गुळगुळीत. खुर्ची स्वतःच समोर ओढली आणि बसले. मला वाटलं, माणूस रिकामा आहे, मदतीला आला. मी वर्तमानपत्राचं पान त्यांच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी छातीसमोर ताणून धरायला सांगितलं.

काय धरलं हो त्यांनी. सुलभाच्या हातात पान वाऱ्यावरच्या साडीसारखं हलायचं. मामांच्या हातात ते पत्र्यासारखं उभं. चाळीस वर्षं सुकाणू धरलेले हात. मी तोवर नऊपैकी एकाही कॅमेऱ्याचं एवढं कौतुक केलं नव्हतं.

"पेपर कशाला?" त्यांनी विचारलं.

"लागतो, मामा. त्याशिवाय नीट येत नाही."

ते समजल्यासारखी मान हलवून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "चेहरा कसा ठेवू?"

"कसाही ठेवा. चालतो."

"हसू काय नको?"

"पेपर हलता कामा नये. मग खुशाल हसा."

आता तुम्ही माझ्याकडे जसे बघताय ना, तसं मला त्या वेळी कुणीतरी बघायला हवं होतं.

असे अकरा रविवार गेले, काही कॅमेरे तर दोनदा आणले. अकराही वेळा तोच शर्ट, तीच टोपी. माझ्या वहीत तिसऱ्या रविवारची नोंद आहे: पांढऱ्या शर्टामुळे कॅमेऱ्याचा उजेडाचा अंदाज चुकतो, मामांना गडद घालायला सांगणे. मी सांगितलंही. ते म्हणाले, हाच बरा हाय. सहाव्या रविवारची नोंद: मामा आज दाढी करताना कापून घेऊन आले, तरी वेळेवर. मी हे सगळं लिहीत होतो. कापल्याचं लिहिलं. आवारात बसून मदत करायला माणूस दर रविवारी दाढी का करतो, ते नाही लिहिलं.

फोटो काढला की मी तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा करून त्यांना दाखवायचो. "बघा मामा, कोपऱ्यातलं अक्षर न् अक्षर." त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते पडद्याकडे आदराने बघायचे आणि म्हणायचे, झ्याक आलाय. मग मी पुढचा काढायचो आणि त्यांना वाटायचं, साहेब केवढी मेहनत घेतात एका म्हाताऱ्यासाठी.

एकदाच त्यांनी मला टोकलं. मी वहीत कोपऱ्यांना गुण देत होतो, तर म्हणाले, "साहेब, नवी बोट घेताना आमी एवढं बगत नाय. बोट चुकली तर मानूस मरतो. ह्यानं काय मरनार हाय?"

दोघेही हसलो. सुलभा तेव्हा वरून, गॅलरीतून बघत होती. तिने तिचा साधा मोबाइल काढून काहीतरी टिपलं. मी मामांशेजारी खाली मान घालून पडदा बघत असल्यामुळे मला ते नंतर कळलं. फार नंतर.

शेवटी एका शनिवारी मी कॅमेरा घेतला. इक्बालभाईंनी मला पेढा दिला, स्वतः दोन खाल्ले आणि लायसन्स दोन्ही हातांनी परत केलं. दुसऱ्या दिवशी रविवार. मामा खाली येऊन बसले होते. मी वरून सांगितलं, मामा, आज नको. कॅमेरा आलाय, पण त्याचं पुस्तक आहे, दोनशेवर पानांचं. ते पूर्ण वाचल्याशिवाय हात लावायचा नाही असं मी ठरवलंय. पुढच्या रविवारी पक्का.

"पुरे ना आता," ते खालून म्हणाले. "भरपूर झाले."

मला वाटलं, कंटाळले.

गुरुवारी सकाळी मी बसथांब्यावर होतो तेव्हा भारतीचा फोन आला. मामांच्या छातीत दुखायला लागलं होतं. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी अर्ध्या रस्त्यातून परत आलो. पुस्तकात मी एकशे बाराव्या पानावर होतो. माणसांचे फोटो कसे काढावेत हे प्रकरण एकशे अठराव्या पानापासून होतं.

करंज्याला नेलं त्यांना. आम्हीही गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून वाट होती, आणि दोन्ही बाजूंना माणसं हातातलं काम सोडून उभी होती. तिथे मी पहिल्यांदा बघितलं की हा माणूस कोण होता. आमच्याकडे तो फाटकाजवळची खुर्ची होता.

परत आल्यावर दोन दिवसांनी भारती आमच्या दारात आली. रडून चेहरा सुजलेला, पण आवाज शांत. बाराव्याला दिव्यापाशी ठेवायला फोटो पाहिजे, म्हणाली. मी म्हणालो, भारती, फार वाईट वाटतं गं, पण मामांचा फोटो काढायचा राहूनच गेला.



"असं काय बोलता, भाऊ? बाबा सांगून गेलेत, फोटोची काळजी करू नको. साहेबांकडे तयार हाय. अकरा रविवार काढलेत." मग म्हणाली, "हातात पेपर घेतलेला हाय म्हणाले. वाचायला येत नव्हतं ना त्यांना. म्हणाले, साहेबांनी मला पेपर वाचताना काढलाय. करंज्यात सगळ्यांना सांगून आले होते."

फोटोंची मेमरी कार्डं माझ्याकडेच होती, कारण दुकानातल्या कॅमेऱ्यात मी नेहमी स्वतःचं कार्ड घालायचो. मी माल तपासणारा माणूस, काही पुसत नाही. मी कॉम्प्युटर लावला. भारती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली, सुलभा तिच्यामागे.

चारशे अकरा फोटो होते. चारशे अकरा वेळा वर्तमानपत्राचं पान, कडेपासून कडेपर्यंत, आणि दोन बाजूंना दोन अंगठे. बस. काहींत वर शर्टाचं दुसरं बटण आलं होतं. एका फोटोत हनुवटी होती. मी वही उघडली नाही, पण मला पाठ होतं. त्या फोटोपुढे मी लिहिलं होतं: फ्रेम चुकली, बाद.

मी एकामागून एक पुढे सरकवत राहिलो. मध्येच चेहरा निघेल अशी आशा कशाच्या जोरावर ठेवली होती, देव जाणे. एखादा तरी तिरका, चुकलेला, हललेला. माझा हात कधी हललाच नव्हता. तिकाटणं होतं.

भारतीने एका ठिकाणी मला थांबवलं. पुढे वाकून पडद्यावरच्या उजव्या अंगठ्यावर बोट ठेवलं. नख मधोमध दुभंगलेलं होतं, दोरात अडकून कधीतरी फाटलेलं. त्वचेतली रेष न् रेष दिसत होती. तो नऊ नंबरचा कॅमेरा, जो मी शेवटी घेतला. कोपऱ्यांना पैकीच्या पैकी गुण होते.

"बाबाच हायेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण अंगठ्याला हार कसा घालू, भाऊ?"

 

तेव्हा सुलभा आत गेली आणि तिचा मोबाइल घेऊन आली. तिने गॅलरीतून काढलेला तो एक फोटो होता, बहिणीला पाठवायला, आमच्या दोघांची गंमत म्हणून. वरून काढलेला, जरा धुरकट. पण मामा होते त्यात. लाल टोपी, पांढरा शर्ट, मांडीवर वर्तमानपत्र, आणि बोटीचा विनोद करून वर तिच्याकडे बघून हसत होते. पूर्ण चेहरा. मी आजवर बघितलेला त्यांचा सगळ्यात चांगला फोटो.

आणि त्यांच्या छातीच्या आडवं, डाव्या खांद्यापासून पार मध्यापर्यंत, माझं टक्कल. खाली वाकलेलं. मी कॅमेऱ्याचा पडदा बघत होतो.

आम्ही तिघं इक्बालभाईंकडे गेलो. त्यांनी मामांचा चेहरा बघितला, कपाळाला हात लावून काही पुटपुटले आणि कामाला बसले. पाऊण तास लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, तुमचं डोकं काढलं तर मामांचा खांदाही जातो. वर कोट चढवू शकतो. काळा कोट, टाय. लोक करतात."

भारती म्हणाली, "बाबांनी जन्मात कोट घातला नाय. टोपीखाली टाय लावून बसवू त्यांना?"

तिने फोटो हातात घेतला. दुसऱ्या कुणाचं नखसुद्धा नको, हे तिलाही माहीत होतं. तिच्यासमोरच सांगितलं होतं त्यांनी. मी म्हणालो, भारती, मला माफ कर. ती म्हणाली, "राहू द्या, भाऊ. हसतायत ते. तेवढं पुरे."

तर तो आहे भिंतीवर. हार घातला की मधला गोंडा बरोबर माझ्या टकलावर येतो. सुलभा पहिल्यांदा तो बघून आली तेव्हा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग एकदा जेवताना म्हणाली, कुंकू पुसू का नको तेवढं सांगा.

नव्या कॅमेऱ्याचं विचाराल, तर मी शब्द पाळला. पहिला फोटो मामांचाच काढला. करंज्याच्या भावकीला प्रत हवी होती, आणि सुलभाच्या मोबाइलमधला मूळ फोटो तोवर पुसला गेला होता, म्हणून भिंतीवरच्या फोटोचाच फोटो काढला. चारही कोपरे उत्तम आले. माझ्या डोक्यावर राहिलेले केससुद्धा मोजता येतात.

वर्षश्राद्धाला भारतीने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. करंज्याहून तिची एक म्हातारी आत्या आली होती, काठी टेकत. मी तिच्या मागेच पाण्याचा पेला घेऊन उभा होतो. ती दोन्ही फोटोंपुढे थांबली. आधी मामींच्या फोटोला हात जोडले, मग मामांच्या. मग खांद्यावरच्या त्या हाताकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं, पुन्हा हाताकडे. आणि हळहळून भारतीला म्हणाली:

"हात न् डोस्कं एकाच मानसाचं दिसतंय गो. एका फोटोत पुरा तरी घ्याचा बिचाऱ्याला."